उलट्या तव्याची परीक्षा, लुंपियाच्या पट्टीवर

ऑनलाइन दुकानांत ‘डोसा मेकर’, ‘चिल्ला मेकर’, ‘क्रेप मेकर’ अशा तीन-चार नावांनी एकच वस्तू मिळते. वाटोळा, मध्ये किंचित फुगीर असा नॉनस्टिक तवा, पोटात कॉइल, एका बाजूला हँडल. सोबत एक उथळ प्लास्टिकची ताटली. ताटलीत पातळ पीठ ओतायचं, तवा तापला की उचलून उलटा करायचा, पिठाला टेकवायचा, दोन-तीन सेकंदांत वर घेऊन सुलटा करायचा. तव्याला धरलेलं पीठ शिजतं, काठ सुटले की ओढून काढायचं. जाहिरातीतली बाई हे सगळं हसत हसत करते आणि तिच्या बांगडीलाही पीठ लागत नाही.

पुतण्याने पुण्यातून मागवून हा तवा मला वेंगुर्ल्याला पाठवला. किंमत बाराशेच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा पुष्कळ कंपन्या आहेत आणि माल सगळा एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो. मी जे लिहितोय ते या जातीच्या सगळ्याच तव्यांना कमीजास्त लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांचा वेळ वाचेल. लुंपिया म्हणजे फिलिपिनो स्प्रिंग रोल, आणि पट्टी म्हणजे त्याचं बाहेरचं पातळ आवरण. तळायच्या लुंपियाची पट्टी करायला हा तवा घेऊ नका. न तळलेल्या, ताज्या लुंपियाची मऊ पोळी करायची असेल तर खुशाल घ्या. या दोन्हींत फरक काय, असं ज्यांना वाटलं त्यांनी पुढे वाचावं.

मी बोटीवर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, होतो. आधी मेसमन, मग सेकंड कुक. मालवाहू बोटीवर फिलिपिनो माणूस नाही असं सहसा होत नाही. जगाला खलाशी पुरवणाऱ्या देशांत तो देश अगदी वरच्या नंबरावर आहे, आणि त्या यादीत आपणही आहोतच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर आहे त्यांना अडोबो, पान्सित, लुंपिया ही फिलिपिनो पदार्थांची नावं सांगावी लागत नाहीत. आमचा चीफ कुक फिलिपिन्समधल्या इलोइलोचा होता. रविवारी लुंपिया असला की क्रू मेसमध्ये आठवडाभर कोण कोणाशी बोलत नव्हतं ते सगळे विसरायचे. आता मी घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, आणि नाताळ ते नव्या वर्षापर्यंत संध्याकाळी मासे तळून होईपर्यंत पाहुण्यांच्या तोंडात काहीतरी गरम टाकावं म्हणून लुंपिया करतो. त्यामुळे पट्ट्या लागतात त्या ढिगाने. दोन-चार करून फोटो काढायचा माझा प्रश्न नाही.

पदार्थ मूळचा चिनी. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या लोकांनी तो फिलिपिन्समध्ये नेला. मनिलात बिनोंदो नावाचा भाग आहे, तिथली चिनी वस्ती १५९४ सालची. जगातला सगळ्यात जुना चायनाटाउन म्हणून तो दाखवतात. एवढ्या शतकांत गुंडाळी तीच राहिली आणि पोटात काय घालायचं ते ज्याने त्याने ठरवलं. नाव ‘लुंपियांग शांघाय’ असलं तरी पक्की फिलिपिनो अशी एक, बोटाएवढी बारीक, आत कच्चा खिमा भरून तळलेली. मोड आलेल्या मुगाची एक. ‘तुरोन’ म्हणजे सबा नावाचं पिकलेलं केळं आणि फणसाचा गर गुंडाळून साखरेसकट तळलेला, वर साखरेचा कडक पापुद्रा. आणि ‘लुंपियांग सारिवा’, ही तळायचीच नाही: अंड्याच्या मऊ पोळीत परतलेली भाजी, वर गोडसर दाट सॉस, कच्ची लसूण, शेंगदाण्याचा कूट.

सारिवा सोडली तर बाकी सगळ्यांना पट्टी लागते, आणि पट्टीच्या अटी कडक आहेत. मैदा, पाणी, मीठ. एकाच बाजूने शेकायची, उलटायची नाही. पांढरीच राहिली पाहिजे. तव्यावर डाग पडला की तेवढी जागा कडक होते, गुंडाळताना तिथेच चीर जाते आणि तेलात बाकीची पट्टी सोनेरी होईपर्यंत तो डाग काळा होतो. पातळ इतकी की पेपरवर ठेवली तर खालचा मथळा वाचता यावा. शांघायची गुंडाळी बोटाएवढीच का, तर आतला खिमा कच्चा असतो आणि पट्टीला रंग चढेपर्यंत त्याने शिजायचं असतं. पट्टी जाड झाली की हा हिशोब बिघडतो. बाहेर लाल, आत कच्चं. नाहीतर आतलं शिजतं पण गुंडाळीच्या दोन थरांमधलं पीठ चामट ओलं राहतं. पहिल्या घासालाच कळतं.

इथे कुणीतरी म्हणणार, पातळ घावन घालणाऱ्या माणसाला हे काय सांगता? तर घावनाचा इथे उपयोग नाही. तांदळाच्या पिठाला चिवटपणा नसतो. गरम असताना घावनाची छान घडी होते, गार झाल्यावर घट्ट गुंडाळायला जा, मोडतं. मैद्यातलं ग्लुटेन पाण्यात भिजून जाळं धरतं, म्हणून एवढीशी पातळ पट्टीही दुमडून, वळून, उकळत्या तेलात सोडली तरी फाटत नाही. शिवाय जाळी पडणं ही घावनाची शोभा. लुंपियाच्या पट्टीत जाळी म्हणजे भोकं: तेल आत, खिम्याचं पाणी बाहेर आणि कढईत फटाके.

आता तवा. वायर जेमतेम मीटरभर. आमच्या ओट्यावरचा प्लग मिक्सरच्या मागे आहे, त्यामुळे तापलेला तवा हातात उलटा धरून, वायर भांड्यांत अडकणार नाही असं बघत ताटलीकडे वळायचं. बटण एकच, लाल दिवा एकच. आच कमीजास्त करायची सोय नाही. नॉनस्टिकचा थर मात्र चांगला आहे, अजून कुठे ओरखडा नाही, आणि हँडल तापत नाही. एवढं श्रेय देतो.

पहिल्या दिवशी आई स्टूल टाकून बघायला बसली. मी तवा पिठात बुडवला तशी म्हणाली, “असलो तवो उलटो धरून कोण घावन घालता रे?” घावन नाही म्हणून सांगितलं, तर “मगे तर आणखीच कित्याक?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तव्याचं मुख्य दुखणं त्याच्या फुगीरपणातच आहे. मधला भाग पिठाला सगळ्यात आधी टेकतो आणि सगळ्यात शेवटी सुटतो, म्हणून मध्ये पीठ जास्त धरतं आणि काठाला जेमतेम चाटून जातं. निघते ती पोळी मध्ये जाड आणि काठाला इतकी विरळ की सोलतानाच काठ वाळून कुरकुरतो. लुंपियाला नेमकं उलटं हवं असतं. मधला भाग खिम्याखाली जातो, त्याचं काही नाही. पण गुंडाळीच्या शेवटी येतो तो काठ, आणि त्यालाच मैद्याची खळ लावून चिकटवायचं असतं. वाळलेल्या काठाला खळ धरत नाही. कढईत गेल्यावर गुंडाळी हळूच उलगडते, खिमा तेलात उतरतो, आणि ते तेल पुढे माशांनाही वापरता येत नाही. काठ कातरून टाका म्हणाल तर आठ इंचांच्या पोळीतून उरतं ते बशीएवढं.

पीठ दाट केलं तर काठ धरतो, पण मग मधली जाडी भाकरीकडे जाते. पातळ केलं तर मधलं बरोबर येतं आणि काठाची जाळी होते. मी दाट-पातळ सगळं करून बघितलं. मधला मार्ग आहे, पण तोही पट्टीला जाडच पडतो.

थर्मोस्टॅट त्याच्या मनाने चालू-बंद होतो. दिवा विझल्या विझल्या बुडवाल तर पीठ चर्र करून धरतं आणि डाग पडतात. जरा थांबून बुडवाल तर पीठ अर्धंकच्चं राहून तवा सुलटा करताना एका बाजूला ओघळतं. गॅसवर असतं तर आच कमी करून विषय संपला असता. इथे दिव्याकडे डोळे लावून बसायचं. दोन-तीन पट्ट्या मनासारख्या निघतात, मग तापमान सरकतं.

आणि ताटलीतलं पीठ. गरम तवा पुन्हापुन्हा टेकल्यामुळे वरचं पीठ शिजत जातं, गुठळ्या होतात, गाळणी हाताशी ठेवावी लागते. पातळी खाली गेली की तवा तळाला टेकायला लागतो आणि शेवटचं बरंचसं पीठ तव्यावर येतच नाही. ते मग मी नेहमीच्या तव्यावर घालून कांदा-मिरचीचं काहीतरी करतो. ढिगाने पट्ट्या करताना ही ताटली सारखी भरत बसावी लागते, आणि ती भरण्यात यंत्राने वाचवलेला वेळ जातो.

वेग कमी नाही, हे खरं. एक पोळी मिनिटाच्या आत निघते. पण आमच्याकडे लाईटचा भरवसा किती, ते पावसाळ्यात कोकणात राहिलेल्याला सांगायला नको. माडाची एक झावळ तारेवर पडली की संध्याकाळ गेली, आणि हातात गार होत चाललेला तवा. सिलिंडरला वाऱ्यापावसाची काही पडलेली नसते. धुवायचं म्हणाल तर पाण्याखाली धरता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. हँडलजवळच्या खाचेत पीठ वाळून बसतं, ते दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावं लागतं.

मग पट्टी करायची कशी? एक सपाट नॉनस्टिक तवा आणि एक ब्रश. बस.

दोन वाट्या मैद्याला तीन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. आधी थोड्या पाण्यात मैदा घट्टसर फेटून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी. ताकाइतकं पातळ झालं पाहिजे. गाळून अर्धा तास झाकून ठेवा. या अर्ध्या तासात कंजुषी करू नका: मैदा पाणी पितो, फेटताना शिरलेली हवा वर येऊन जाते. हवा राहिली तर प्रत्येक बुडबुड्याचं तव्यावर भोक. कॉर्नफ्लोअर तळल्यावरच्या कुरकुरीतपणासाठी. जास्त घातलंत तर पट्टी गुंडाळताना मोडेल.

तव्याला तेल लावायचं नाही. हे आईला आजतागायत पटलेलं नाही. नारळाच्या सोडणाने बिडाच्या तव्यावर तेल फिरवल्याशिवाय जिचा हात पिठाकडे जात नाही तिला कोरडा तवा बघवत नाही. पण तेलकट तव्यावर एवढं पातळ पीठ पसरत नाही, मागे सरून त्याचे ठिपके होतात. पिठात घातलेलं चमचाभर तेल सुटायला पुरतं.

गॅस अगदी बारीक. तवा फार तापला की पहिल्याच फटकाऱ्याला पीठ शिजून ब्रशच्या केसांना धरतं आणि तव्यावरचं होतं तेही उचलून आणतं. चर्र आवाज आला म्हणजे तवा जास्त तापला. शेजारी ओला पंचा घडी घालून ठेवा आणि तव्याचं बूड त्यावर क्षणभर टेकवा. मी दर एक-दोन पट्ट्यांनंतर टेकवतोच.

ब्रश बुडवायचा, भांड्याच्या काठावर निथळायचा, आधी आडवे फटकारे आणि ते वाळायच्या आत त्यावर उभे. पहिल्या थरातली भोकं दुसरा थर बुजवतो. काठावर मुद्दाम एक जादा हात फिरवायचा. यंत्रात जे करता येत नाही ते हेच. मग काही करायचं नाही, फक्त बघायचं. ओलं चकाकणारं पांढरं आधी मध्ये मावळतं, मग बाहेरपर्यंत सगळं निस्तेज होतं, खालचा तवा काळसर दिसायला लागतो आणि काठ एका जागी आपणहून उठतो. साधारण पाऊण मिनिट. कालथा घालू नका, फाटेल. उठलेला काठ नखाने धरून दोन्ही हातांनी सोलून घ्या. हाताला चटका लागत नाही, कारण तवा तेवढा गरमच नसतो.

सोललेली पट्टी आधी ताटात मोकळी टाकून वाफ जाऊ द्यायची आणि मग ढिगावर. गरमावर गरम ठेवलीत तर दोन्हींची एक होते. मधे कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, वर पिळून घेतलेला ओलसर पंचा. तासाभराने काठही मऊ पडतात आणि पट्टी दुमडायला तयार होते. पावसाळ्यात पंचा कोरडाच ठेवा. हवेतली ओल पुरे, ओल्या पंचाखाली ढीग चिकटतो.

यंत्रापेक्षा हे सावकाश होतं. मी दोन तवे लावतो, एकावर ब्रश फिरवेपर्यंत दुसरी सुटते. तेवढ्याने यंत्राची बरोबरी होते, आणि फेकायला काही निघत नाही.

आमचा चीफ कुक मात्र ब्रशला हात लावायचा नाही. तो पीठ पातळ करायचाच नाही. मैदा, मीठ आणि भरपूर पाणी घालून हाताला चिकटणारा, लोंबणारा सैल गोळा, आणि तो भांड्यात आपटून आपटून मळायचा. सगळ्या पॅन्ट्रीत फटाफट आवाज. मग वरून थोडं पाणी घालून तो गोळा तसाच मुरत ठेवायचा. बोटीच्या गॅलीत गॅस नसतो, आगीच्या भीतीने सगळं विजेवर. चौकोनी जाड हॉटप्लेट, एकदा तापली की तापमान हलत नाही. तो मूठभर गोळा हातात घ्यायचा आणि मनगट सतत हलवत ठेवायचा, कारण थांबलं की गोळा बोटांतून खाली उतरतो. हॉटप्लेटवर गोळा टेकवून एक गोल फिरवला आणि झटक्यात उचलला की मागे पापुद्रा उरायचा. कुठे जाड राहिलं असेल तर त्याच गोळ्याने टिपून घ्यायचा. पापुद्रा पांढरा पडेपर्यंत शेजारी दुसरा. एका हाताने लावतोय, दुसऱ्या हाताने सोलतोय. मनिलाच्या बाजारातले पट्टीवाले असंच करतात म्हणायचा, फक्त त्यांच्यासमोर तो स्वतः काहीच नाही.

ही पट्टी सगळ्यात उत्तम, यात वाद नाही. ब्रशवाली तिच्या जवळपास जाते एवढंच. घरी करायची तर जाड बिडाचा तवा लागतो, आणि त्याचं वरचं तेल आधी पुसून काढावं लागतं. आईच्या बिडावर हे करायला मला बंदी आहे. तेल पुसून मैदा घासला की पुढची घावनं चिकटतात आणि बिड परत माणसात आणायला आठवडा जातो, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. दुसरं बिड घेईन तेव्हा बघू.

रमझानच्या आधी आमच्याकडच्या मुसलमान घरांत समोसा पट्टी करतात, तीही लुंपियाला चालते. छोट्या पुऱ्या लाटून प्रत्येकीवर तेल आणि मैदा, एकावर एक रचून सगळ्या मिळून एक मोठी पातळ पोळी लाटायची, तव्यावर नुसती दोन्हीकडून गरम करायची आणि थर सोलून वेगळे करायचे. पोळपाट-लाटण्याबाहेर काही लागत नाही. तळल्यावर हिला बारीक फोड येतात आणि ती जरा जाड पडते, पण तुरोनला उलट बरी, कारण पिकल्या केळ्याचं वजन सांभाळते. लाटण्याचा हात असलेल्यांनी ब्रशच्या भानगडीत न पडता हेच करावं.

फ्रोझन शीटच्या पाकिटाबद्दल थोडक्यात. मोठ्या शहरात राहत असाल तर तेच घ्या, लाज वाटायचं कारण नाही, फिलिपिन्समध्येही बहुतेक लोक पट्टी बाजारातूनच आणतात. मला ते गोव्याहून नाहीतर कुडाळहून आणावं लागतं. मेच्या उन्हात स्कूटरवर आणेपर्यंत वितळतं, परत फ्रीजरमध्ये टाकलं की कोपरे चिकटतात आणि सोलताना निम्म्या पट्ट्या फाटतात.

आता यंत्राची चांगली बाजू, कारण ती आहे. सारिवा. तिची पोळी जाडसरच असते, मऊ असते, तळायची नसते, काठ चिकटवायचा नसतो, नुसता खाली दुमडायचा. पिठात अंडं असतं. दोन अंडी, वाटीभर मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, सव्वा-दीड वाटी पाणी, मीठ. हे पीठ उलट्या तव्याला असं धरतं की याच कामासाठी तो बनवलाय असं वाटावं. डाग पडत नाहीत असं नाही, पण अंड्याच्या पोळीला फिकट तांबूस ठिपके शोभतात. अंड्यामुळे काठही वाळत नाही. मधली जाडी इथे कामालाच येते, कारण भाजीचा ओलावा तिथेच झिरपतो.

सारिवाची एक जात ‘उबोद’ घालून करतात, म्हणजे माडाच्या शेंड्याचा आतला कोवळा गाभा. तो काढला की झाड मरतं, म्हणून आपल्याकडे चांगल्या माडाला कुणी हात लावत नाही. पण वादळात माड पडला तर गाभा काढून घ्यायची पद्धत आपल्याकडेही आहे. गेल्या पावसात मागच्या परड्यातला एक माड आडवा झाला. शेंडा फोडून गाभा काढला, बारीक चिरून लसूण आणि कोलंबीवर परतला. गोडसर, करकरीत, आणि शिजल्यावरही आपला आकार न सोडणारा. सोंड्या भुंग्याने पोखरून मेलेल्या माडाचा मात्र घेऊ नका, आत सगळी घाण असते. एरवी मी कोबी, गाजर, फरसबी आणि रताळ्याचे बारीक काप घालतो. वर शेंगदाण्याऐवजी भाजलेल्या काजूची भरड, वेंगुर्ल्यात राहून शेंगदाणा विकत आणणं जिवावर येतं.

आणि तुरोनसाठी आपल्याइतकी सोय कुणाला आहे? सबा हे शिजवायचं केळं, आपल्या राजेळी केळ्याशी त्याचं चांगलं जुळतं. साल काळपट पडेपर्यंत पिकलेली राजेळी उभी चिरायची, साखरेत घोळवायची, शेजारी काप्या फणसाच्या गऱ्याची एक लांब फाक. बरका नको, पाणी सुटतं आणि तेल उडतं. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू घालून तिखट लुंपिया करतो, तो पर्यटकांपेक्षा घरातच संपतो. बुडवून खायला फिलिपिनो माणूस व्हिनेगरमध्ये लसूण-मिरची घालतो. मी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घेतो, पाणी घालून, त्यात ठेचलेली लसूण, मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर. चीफ कुकला एकदा डबाभर आगळ नेऊन दिलं होतं. त्याने ते अडोबोतही घातलं.

तेव्हा हिशोब असा. यंत्र सध्या बायकोच्या ताब्यात आहे, सकाळी ती त्यावर अंडं-मैद्याच्या पोळ्या काढून मुलीच्या डब्याला देते आणि तिची काही तक्रार नाही. लुंपियाच्या पट्टीसाठी तेच पैसे टाकायचे असतील तर दोन सपाट नॉनस्टिक तवे आणि ब्रश येऊन वर पैसे उरतील. ब्रश सिलिकॉनचा घेऊ नका, त्याच्या जाड दांड्यांनी पट्टीवर रेघा उमटतात आणि रेघ म्हणजे पातळ जागा. बेकरीवाले पावाला दूध लावायला वापरतात तो केसांचा, दोन इंची. रंगाच्या दुकानातला स्वस्तातला आणायचा मोह होईल, पण त्याचे केस गळतात आणि पट्टीत अडकलेला केस पाहुण्याला नेमका दिसतो. नवा ब्रश गरम पाण्यात बुडवून बोटांनी दोनदा ओढून बघा. केस हाताला आले तर दुकानदाराला लगेच परत करा.